कंबरदुखी आणि रोजची कामं: ओटा, सिलिंडर, स्कूटर, पहाटेचं पाणी

मापाडी

कंबरदुखीवर लिहिलं की "ताठ बसा, वाकू नका, व्यायाम करा" इथेच गाडी थांबते. ते वाचून कुणाचा ओटा उंच होत नाही की सिलिंडर हलका होत नाही. म्हणून हा धागा मापांचा ठेवू या. किती वजन, शरीरापासून किती लांब, किती उंचीवर, किती वेळ आणि दिवसाच्या कुठल्या वेळी, हे ज्याला ज्या कामाबद्दल नीट सांगता येईल त्यानं सांगावं.

सुरुवात वजन उचलण्यापासून करतो. कण्याला पेलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५-६ सेंटिमीटर मागे असतात. हातातली वस्तू मात्र बऱ्याचदा ५० सेंटिमीटर पुढे असते. १० किलोची बादली अशी लांबून उचलली तर नुसत्या तिच्यासाठी स्नायूंना ८० ते १०० किलोच्या जोरानं ओढावं लागतं. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच, आणि धड-डोकं-हात मिळून आपल्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भरतात. बादली पोटाशी आणली की ओढ निम्म्यावर येते. वजन तेच, अंतर बदललं.

कामाच्या जागची सुरक्षितता अभ्यासणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं, किती वजन उचलावं हे सांगणारं आणि १९९१ साली सुधारलेलं एक सूत्र कारखान्यांत वापरतात. त्यात सगळं मनासारखं जुळलं असेल तर मर्यादा २३ किलो धरली आहे. मनासारखं म्हणजे वस्तू घोट्यांपासून २५ सेंटिमीटर पुढे, हात जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर, धड न वळवता, पकड घट्ट आणि उचलणं अधूनमधून. अंतर ५० सेंटिमीटर झालं की मर्यादा सरळ निम्मी, साडेअकरा किलो. धड ९० अंश वळवलं तर ती आणखी साधारण ३० टक्क्यांनी खाली येते.

आता घरातला गॅस सिलिंडर बघा. आत १४.२ किलो गॅस, रिकाम्या सिलिंडरचं वजन वरच्या कड्यावर लिहिलेलं असतं, साधारण १५-१६ किलो. म्हणजे भरलेला २९-३० किलो. पोट त्याच्या गोलाईला अडत असल्यामुळे तो घोट्यांपासून ४० सेंटिमीटरच्या आत येत नाही. सूत्रात बसवलं तर मर्यादा १४ किलोच्या आसपास निघते आणि आपण त्याच्या दुप्पट उचलत असतो, तेही ओट्याखालच्या कोनाड्यात डोकं घालून. भरलेला सिलिंडर एकट्यानं उचलूच नये. व्हॉल्व्हवर टोपी घट्ट बसवा, सिलिंडर किंचित कलता करा आणि खालच्या कड्यावर गरगर फिरवत न्या. चाकांचं लोखंडी स्टँड मिळतं, ते कायमचं खाली ठेवलं तर बदलताना नुसतं पुढे ओढायचं राहतं. रेग्युलेटर लावताना कमरेतून वाकण्याऐवजी एक गुडघा जमिनीवर टेका. काही शहरांत १० किलो गॅसचा फायबरचा सिलिंडर मिळतो, तो भरलेलाही लोखंडी सिलिंडरच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो. घरात वयस्कर माणसंच राहत असतील तर त्याची चौकशी जरूर करा.

शेवंता

ओट्याबद्दल मी लिहिते, कारण तासन् तास जातात तिथे आणि चूक घर बांधतानाच होऊन बसते.

बिल्डर सरसकट ३२ ते ३४ इंच उंचीचा ओटा देतो. खरं माप बाईच्या (किंवा जो कोणी स्वयंपाक करतो त्याच्या) कोपराचं घ्यायला हवं. सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून १० ते १५ सेंटिमीटर वजा करा. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचं कोपर साधारण ९५ सेंटिमीटरवर येतं, तिला ८० ते ८५ सेंटिमीटरचा ओटा बरोबर. पाच फूट आठ इंचवाल्याला तोच ओटा १० सेंटिमीटरहून जास्त बुटका पडतो. कणीक मळायला जोर वरून खाली लावायचा असतो, तिथे आणखी थोडं खाली चालतं. भाजी चिरायला मात्र वरच हवं. बुटक्या ओट्यावर चिरताना विळी-सुरीचा पाट ७-८ सेंटिमीटर जाडीच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवला की वाकणं तिथल्या तिथे कमी होतं. ठोकळ्याखाली रबराचा तुकडा चिकटवा, नाहीतर घसरेल.

ओट्याखालच्या कपाटाला तळाशी खाच ठेवलीय का, हे कुणी पाहतच नाही. खाच ७ ते १० सेंटिमीटर आत आणि तेवढीच उंच हवी. ती नसली तर पायाची बोटं कपाटाला अडतात, माणूस ओट्यापासून लांब उभा राहतो आणि ते अंतर कमरेतून वाकून भरून काढतो. फर्निचर नवीन करताना सुताराला हे आधी सांगा, नंतर होत नाही. आधीच करून झालं असेल तर सगळ्यात खालचं दार उघडून एक पाय आतल्या फळीवर ठेवा. १०-१५ सेंटिमीटर उंचीचा पाट पायाखाली घेतला तरी चालतो. दर काही मिनिटांनी पाय बदला. कमरेची खोल कमान त्यानं सैल होते, म्हणून बरं वाटतं.

केशरी

शेवंताताई, भांडी घासताना जास्त दुखतं, ओट्याशी तेवढं नाही. असं का?

शेवंता

कारण तुम्ही ओट्याच्या उंचीवर काम करतच नसता. सिंक १८-२० सेंटिमीटर खोल असतं आणि भांडं त्याच्या तळाशी. ३३ इंचाच्या ओट्यावर हात प्रत्यक्षात २५-२६ इंचांवर चालतात. शिवाय ओट्याची पुढची पट्टी मध्ये येते, त्यामुळे हात लांब जातात. सिंकमध्ये एक प्लास्टिकचा टब पालथा घाला किंवा स्टीलची जाळी ठेवा, त्यावर भांडं घासा. तळ १०-१२ सेंटिमीटर वर येतो. पाणी उडतं म्हणून नळाला फिरती तोटी लावा. कुकर आणि मोठी कढई ओट्यावरच घासून फक्त विसळायला सिंकमध्ये घ्या. पोट पट्टीला टेकवून उभं राहिलात तर धडाचा थोडा भार ओटा घेतो, म्हणून तिथे ओल लागू नये असा ॲप्रन हवा.

धुण्याचंही हेच. मोरीत कपडे जमिनीवर घासत असाल तर १५-२० सेंटिमीटरच्या पाटावर बसा, उभ्यानं पाय सरळ ठेवून वाकू नका. वाळत घालताना बादली जमिनीवर असली की प्रत्येक कपड्यागणिक एकदा वाकणं आलं. बादली स्टुलावर ठेवा.

पाऊलवाट

मापाडींच्या गणिताला एक पुरवणी आणि एक हरकत.

पुरवणी वेळेची. दोन मणक्यांमधल्या चकतीला मोठ्या वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. पाणी आणि पोषण तिच्यात झिरपत येतं. रात्री आडवं असताना भार नसतो, चकती पाणी शोषून फुगते. म्हणून सकाळी आपली उंची एक-दीड सेंटिमीटर जास्त भरते आणि त्यातली निम्म्याहून अधिक उठल्यावर पहिल्या तासाभरातच उतरते. फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते. दुपारी सहज निभावणारं वाकणं सकाळी उठल्या उठल्या महागात पडतं ते यामुळे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात जुन्या कंबरदुखीच्या लोकांना पहाटेचं वाकणं आवरायला शिकवलं आणि त्यांचं दुखणं कमी झालं.

आपल्याकडे नेमकी हीच वेळ कष्टाची. नळाला पाणी साडेपाचला येतं, मग बिछान्यातून उठून थेट २० लिटरच्या बादल्या, म्हणजे खेपेला २० किलो. नळापासून पिंपापर्यंत पाइप टाकणं हा कमरेसाठी सगळ्यात स्वस्त इलाज आहे. ते शक्य नसेल तर एका हातात भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या न्या. एका बाजूच्या वजनानं कणा तिरका होतो आणि दुसऱ्या बाजूचे स्नायू त्याला ओढून धरत राहतात. अंगणातली रांगोळी पाटावर बसून काढा किंवा तासाभरानं. दात घासताना, तोंड धुताना एक हात बेसिनवर टेकलेला असू द्या, कारण शिंक किंवा खोकला नेमका वाकलेलं असताना येतो आणि तिथेच उसण भरते. शिंक येतेय असं वाटलं की भिंतीला हात लावा आणि सरळ व्हा.

हरकत अशी. हे सगळं वाचून कुणी वाकायलाच घाबरू नये. पडलेलं पेन उचलायला पाठ गोल झाली तर काहीही बिघडत नाही. कणा वाकण्यासाठीच बनलाय. बिघडतं ते जड वजन, लांब अंतर, वळणं आणि शेकडो वेळा तेच, यांची बेरीज झाली की. दुखणं जुनं झालेल्या बऱ्याच लोकांत पोट-पाठ सतत आवळून वावरण्याची सवय दिसते. त्यानंही चकतीवरचा दाब वाढतो आणि स्नायू दमतात.

मापाडी

हरकत मान्य. माप वजनाला आणि वारंवारतेला लावायचं, पेनाला नाही.

प्राजक्त

पाऊलवाट, सकाळचं वाकणं टाळायचं तर सूर्यनमस्काराचं काय? तो उगवत्या सूर्यासमोरच घालायचा असतो. पिढ्यान् पिढ्या लोक घालत आले आहेत.

पाऊलवाट

घालाच, फक्त बिछाना आणि पहिला नमस्कार यांत अर्धा ते एक तास जाऊ द्या. १२ स्थितींच्या एका नमस्कारात हस्तपादासन दोनदा येतं, तिसऱ्या आणि दहाव्या स्थितीत. १२ नमस्कार म्हणजे २४ वेळा पूर्ण वाकणं. सुदृढ कमरेला ते झेपतं. ज्यांना वाकल्यावर दुखतं किंवा पायात कळ जाते त्यांनी आधी चालून यावं, मग सुरुवातीचे काही नमस्कार गुडघे चांगले वाकवून घालावेत. तळवे जमिनीला टेकण्याचा हट्ट नको. मांडीमागचे स्नायू आखूड असले तर खुबे पुढे झुकत नाहीत आणि उरलेलं सगळं वाकणं कमरेच्या शेवटच्या दोन सांध्यांवर येतं. चकती सरकण्याचे बहुतेक प्रकार नेमके तिथले, चौथ्या-पाचव्या मणक्यांमधले आणि पाचव्याच्या खालचे.

प्राजक्त

हे पटलं. योगाच्या वर्गात हेच करायला हवं: हात मांडीवर टेकवून खुब्यातून वाकायला शिकवायचं, तळवे टेकले तर टेकले. एक काठी पाठीला उभी लावली की लगेच कळतं. डोक्याची मागची बाजू, पाठीचा मध्य आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहायला हवी. कमरेपाशी काठी आणि पाठ यांच्यातली फट भरली की समजायचं, खुबा थांबला आणि कंबर वाकायला लागली. मांडी घालून बसताना गुडघे खुब्यांच्या वर राहत असतील तर घोंगडीची ८-१० सेंटिमीटरची घडी बुडाखाली घ्यावी, पाठ आपोआप उभी राहते.

चक्रधर_२१

दुचाकीवर कुणी लिहिलं नाही, म्हणून मी.

स्कूटर मेन स्टँडला लावताना कंबर धरल्याच्या तक्रारी फार असतात आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच: हातानं उचलली. स्टँड ही तरफ आहे, उचलण्याचं काम तिनं करायचं. डाव्या बाजूला उभे राहा, डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांडीवर. उजव्या पायानं स्टँडची पट्टी खाली दाबा आणि गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवा. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले की आपल्या पायाखाली टक असं जाणवतं. ते जाणवल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण एकच पाय टेकलेला असताना गाडी तिरकी ओढली जाते आणि तिथे कंबर वळते. मग उजवा गुडघा सरळ करून शरीराचं सगळं वजन त्या पट्टीवर टाका. गाडी स्वतःच मागे-वर चढते, उजव्या हातानं फक्त दिशा द्यायची. चपलेपेक्षा जाड तळव्याचा बूट बरा. तरीही जड जात असेल तर मागचं चाक दोन सेंटिमीटर जाडीच्या फळीवर चढवून मग स्टँड लावा. स्टँड वाकलेलं किंवा त्याची पिन झिजलेली असेल तर गॅरेजला दाखवा.

दुसरं खड्ड्यांचं. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या कंपनाला सगळ्यात जास्त दाद देतो आणि खराब रस्त्यावरची वाहनाची उसळी त्याच्याच आसपास असते. टायरमध्ये हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. "थोडी जास्त मार, मायलेज मिळेल" हे बंद करा, जादा हवेनं प्रत्येक दणका सीटमध्ये येतो. मागचे शॉकअप दाबल्यावर दोन-तीनदा उड्या मारत असतील किंवा तेल गळत असेल तर ते गेले. लॅपटॉपची सॅक खांद्यावर लटकती न ठेवता पट्टे सैल करून तिचा तळ सीटवर टेकू द्या. बाईकवर स्पीडब्रेकरला फूटरेस्टवर जोर देऊन बूड इंचभर उचला, गुडघे दणका घेतात. स्कूटरवर ते नीट जमत नाही, तिथे वेग उतरवणं हाच उपाय. आणि मागच्या खिशातलं जाड पाकीट काढून ठेवा. त्यानं एक बूड वर राहतं आणि पायात जाणारी शीर दाबली जाते, हा प्रकार डॉक्टरी नियतकालिकांत १९७० च्या दशकापासून नोंदलेला आहे.

ओलीमाती

शेतातल्या फवारणी पंपाचं सांगतो. टाकी १६ लिटरची, पाण्याचेच १६ किलो. बॅटरीसकट पंप धरला तर पाठीवर २० किलोच्या वर जातं. चुका दोन होतात. भरलेला पंप जमिनीवरून एका खांद्यावर घेऊन झटक्यानं पाठीवर फिरवतात. उचलणं, वाकणं, वळणं, तिन्ही एकाच झटक्यात. पंप बांधावर, ड्रमवर किंवा बैलगाडीच्या साटीवर कमरेच्या उंचीला ठेवून भरा, त्याच्याकडे पाठ करून दोन्ही पट्टे घाला आणि गुडघ्यांतून उभे राहा. दुसरी चूक पट्टे सैल ठेवण्याची. टाकी पाठीपासून चार बोटं लांब लटकली की माणूस पुढे झुकून चालतो. टाकी १०-१२ लिटरच भरा. खेपा वाढतात, पण दिवसाच्या शेवटी माणूस उभा असतो.

खुरपणीला उकिडवं बसून सरकत जाणं हे पाय ताठ ठेवून कमरेतून लोंबण्यापेक्षा कमरेला बरं, गुडघ्यांना वाईट. पिकाच्या दोन ओळींत जागा असेल तर सायकल कोळपं वापरा आणि खुरपं फक्त झाडाजवळच्या तणाला ठेवा. भातलावणीत हा पर्याय नाही. तिथे अर्ध्या तासानं उभं राहून हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा मागे वाकायचं. मुकादमानं त्यासाठी ओरडू नये. त्यानं काम मागे पडत नाही.

केशरी

गादीबद्दल सांगा ना कुणी. घरात सगळे म्हणतात फळीवर झोप. आणि उसण भरली की पायाळू माणसाची लाथ, त्यात काही तथ्य?

पाऊलवाट

फळी नको. स्पेनमध्ये ३१३ लोकांवर केलेला एक अभ्यास २००३ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. उताणं झोपून कमरेखाली तळहात सरकवा. अडखळत का होईना सरकला तर गादी ठीक. सहज आरपार गेला तर फार कडक, सरकलाच नाही तर खोल बसलेली. कापसाची गादी मध्ये बसतेच. तिला ऊन दाखवा, डोकं-पाय बाजू अदलाबदल करा आणि गाठी झाल्या की पिंजून घ्या. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी, उताणं असाल तर गुडघ्यांखाली. उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हातानं रेटून उठा.

पायाळूच्या लाथेबद्दल: साधी उसण बहुतेकांची काही दिवसांत आपोआपच उतरते, त्यामुळे श्रेय लाथेला मिळतं. म्हाताऱ्या, हाडं ठिसूळ झालेल्या माणसाला मात्र लाथ, जोराची मालिश, कमरेवर पाय देणं, यातलं काहीही करू नका. ती उसण नसून मणका दबलेला असू शकतो. उसण भरल्यावर दिवसभर आडवं पडू नका. शेक घ्या, घरातल्या घरात दर तासाला थोडं चाला. पट्टा लावून बाहेर जायचं तर जा, पण पट्ट्यानं दुखणं टळतं असा पुरावा नाही. त्याची कायमची सवय लावू नका.

आणि सवयी सुधारत बसायचं नाही अशीही काही लक्षणं आहेत. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर होणं, पाऊल उचलता न येणं: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. पडल्यानंतरचं दुखणं, बराच काळ स्टेरॉइड चालू असणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, विश्रांतीतही रात्री वाढणारं दुखणं, बारीक ताप, वजन घटणं, हेही लगेच दाखवा. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग दिसतो आणि सुरुवातीला तो साध्या पाठदुखीसारखाच वाटतो. अशा वेळी मालिशवाल्याकडे घालवलेले आठवडे महाग पडतात.

एमआरआयच्या अहवालातल्या शब्दांनी मात्र घाबरू नका. काहीही न दुखणाऱ्या विशी-तिशीतल्या लोकांतही चकती झिजल्याच्या खुणा दर तिघांत एकाला तरी सापडतात.

मापाडी

लॅपटॉपवर सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणून थोडक्यात. जेवणाचं टेबल ७५ सेंटिमीटर आणि खुर्ची ४५, हे जेवायचं माप आहे. दिवसभर टाइप करायला बहुतेकांना खुर्ची ५ सेंटिमीटर वर आणि पायाखाली तेवढाच पाट लागतो. लॅपटॉप पुस्तकांवर चढवा, कीबोर्ड वेगळा घ्या. कमरपट्ट्याच्या किंचित वर टॉवेलची ८-१० सेंटिमीटर जाडीची गुंडाळी. पाठ थोडी मागे रेललेली. एवढं करूनही तीन तास एकाच जागी बसलात तर उपयोग नाही, अर्ध्या तासानं उठाच.

केशरी

झाडू-पोछाचं राहिलं. कामाला येणाऱ्या मावशींची कंबर फार दुखते. काय आणून देऊ?

शेवंता

त्यांनाच उभं करून माप घ्या. पोछ्याचा दांडा छाती ते हनुवटीच्या मध्ये यायला हवा. दुकानातला फुलझाडू त्या मानानं बुटकाच असतो. त्याच्या दांड्यावर घट्ट बसेल असा पीव्हीसी पाइपचा ४०-५० सेंटिमीटरचा तुकडा चढवा, दोन आरपार स्क्रू मारा, वर जुन्या सायकलची रबरी मूठ. पिळायचा पोछा नको, दाबून पाणी काढायची बादली घ्या आणि ती अर्धीच भरा. पलंगाखाली झाडताना कमरेतून वाकण्यापेक्षा एक गुडघा टेकलेला बरा, म्हणून गुडघ्याखाली घ्यायला जुन्या सतरंजीची घडी द्या. आणि दोन्ही हातांनी झाडायला सांगा, खोलीच्या मध्यावर वरचा-खालचा हात बदलून. त्यांनी झाडू वापरून पाहिल्यावर लांबी विचारा. जास्त झाला तर पाइप कापता येतो.